वत्सगुल्माची पांढरी आणि नवी घरबांधणी

वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म. ही वाकाटकांच्या एका स्वतंत्र शाखेची राजधानी होती, हे निश्चित झाले ते १९३९ साली तेथे उपलब्ध झालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे. त्याच्या आधारे म. म. वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातील लेखाचे फेरवाचन केले व पूर्वी चुकीचे वाचले गेलेले सर्वसेनाचे नाव तेथे दाखवून दिले. पुढे हिस्से-बोराळा येथील देवसेनाच्या शिलालेखाने शक ३८० (इ. स. ४५८) हा निश्चित काळ पुरविला.

परंतु लेखांतून राजे कळतात, नगर कळत नाही. ताम्रपट जागेवरून हलला तरी त्याचा मजकूर शाबूत राहतो; खापर थरातून निघाले की त्याची साक्ष संपते. वसाहतीसाठी पाया खणणारे यंत्र वाकाटककालीन आणि मध्ययुगीन थर एकाच ढिगात टाकते.

१८७८चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देण्यास सांगतो. बिनमोलाच्या खापराची दखल त्यात नाही. केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेली दुरुस्ती संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर बांधकामास वर्ज्य ठरविते व त्यापुढील २०० मीटरांवर नियंत्रण ठेवते. असंरक्षित पांढरी त्यातून सुटते.

म्हणून खोदकाम चालू असताना अभ्यासकाने तेथे उपस्थित राहणे अगत्याचे ठरते. चराच्या उभ्या छेदाचे रेखाटन, थरवार खापरे आणि नकाशावर चराचे स्थान एवढी नोंद झाली, तर बांधकाम न अडविताही पुरावा राखता येतो. अशा विखुरलेल्या नोंदी एकत्र जुळल्या, म्हणजेच वत्सगुल्माचा विस्तार केवढा होता, या प्रश्नाला उत्तर मिळू शकेल.