हॅरिंग, कीथ

(४ मे १९५८ – १६ फेब्रुवारी १९९०). अमेरिकन पॉप चित्रकार व भित्तिचित्रकार. जन्म पेनसिल्व्हेनियातील रेडिंग येथे. बालपण कुट्झटाउनमध्ये गेले. वडिलांना व्यंगचित्रांचा नाद असल्याने ठसठशीत रेषेचे पहिले धडे त्याला घरीच मिळाले. पिट्सबर्गमधील जाहिरातकलेचे शिक्षण सोडून १९७८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये दाखल झाला.

त्याची खरी जडणघडण मात्र भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झाली. मुदत संपलेल्या जाहिरातींवर तिथे काळा कागद चिकटवलेला असे. १९८० पासून या रिकाम्या चौकटींत हॅरिंग पांढऱ्या खडूने चित्रे काढू लागला. पोलीस केव्हा येतील याचा नेम नसे, म्हणून पुसापुशीला सवड न ठेवता चित्र एका दमात पुरे करावे लागे. रांगणारे तेजस्वी बाळ, भुंकणारा कुत्रा, नाचणाऱ्या बिनचेहऱ्याच्या आकृती ही त्याची चित्रलिपी या घाईतच घडली. तिला बाळबोध म्हणणाऱ्यांनी कच्चे रेखाटन न करता अख्खी भिंत तोलणारा त्याचा हात नीट पाहिलेलाच नाही.

१९८२ मध्ये टोनी शाफ्राझी यांच्या कलादालनातील प्रदर्शनाने त्याला नाव मिळाले. चित्रे महागली, तेव्हा सामान्यांनाही ती घेता यावीत म्हणून त्याने १९८६ मध्ये ‘पॉप शॉप’ हे दुकान काढून टीशर्ट आणि बिल्ले विकले. यावरून त्याच्यावर झालेली धंदेवाईकपणाची टीका अन्यायाची होती.

१९८६ मध्येच त्याने हार्लेममधील हँडबॉल मैदानाच्या भिंतीवर विनापरवाना ‘क्रॅक इज वॅक’ हे भडक नारिंगी भित्तिचित्र रंगवले. जवळचा तरुण सहकारी क्रॅक या मादक पदार्थाच्या आहारी गेल्याची तळमळ त्यामागे होती. हॅरिंगला दंड झाला, चित्रही पुसले गेले; पुढे उद्यान खात्यानेच त्याला तीच भिंत पुन्हा रंगवू दिली. त्याच वर्षी बर्लिनच्या भिंतीवर त्याने जर्मन ध्वजाच्या रंगांत एकमेकांना धरलेल्या माणसांची साखळी रंगवली. ती लवकरच इतरांच्या रंगाखाली झाकली गेली. मेलबर्न, पॅरिसचे नेकेर बालरुग्णालय आणि बार्सिलोना येथेही त्याने भिंती रंगवल्या. पीसातील चर्चच्या मागील भिंतीवरचे ‘तुत्तोमोंदो’ (१९८९) हे ३० आकृतींचे चित्र त्याच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक. अगदी जाता-येता दिसणारे हे चित्र त्याच्या साऱ्या कामात अव्वल ठरावे.

१९८८ मध्ये एड्सचे निदान झाल्यावर त्याने आजार लपवला नाही. एड्सविषयक कार्य आणि मुलांसाठीचे उपक्रम यांच्या मदतीसाठी १९८९ मध्ये त्याने कीथ हॅरिंग प्रतिष्ठान स्थापन केले. वयाच्या ३१ व्या वर्षी न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले.