एर्तेसूप

एर्तेसूप हे सुक्या हिरव्या वाटाण्याची डाळ, डुकराचे मांस आणि कंदभाज्या मंद आचेवर एकत्र शिजवून केले जाणारे नेदरलँड्समधील दाट सूप होय. बोलीभाषेत त्यास 'स्नेर्ट' असे म्हणतात. विशेषतः एक रात्र मुरून घट्ट झालेल्या सुपासाठी हा शब्द योजला जातो. जेवणाच्या आरंभी घ्यावयाचे हे पातळ पेय नसून हिवाळ्यातील एक पूर्ण जेवण आहे. भांड्याच्या मधोमध खोचलेला चमचा आधाराशिवाय उभा राहिला पाहिजे, ही त्याची प्रचलित कसोटी आहे.

या पदार्थाचा थंडीशी असलेला संबंध केवळ ऋतुमानाप्रमाणे आहार बदलण्यापुरता नाही. सुपाचा दाटपणा, ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकवण्याची रीत आणि ते खाण्याचे प्रसंग या तिन्ही गोष्टी थंडीवर अवलंबून आहेत. उष्ण प्रदेशात ते करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

नाव

डच भाषेत 'एर्त' म्हणजे वाटाणा. त्यावरून 'एर्तेसूप' म्हणजे वाटाण्याचे सूप. 'स्नेर्ट' या शब्दाला डच भाषेत 'टाकाऊ, भिकार' असाही अर्थ आहे. एखाद्या नामाला तो उपसर्गासारखा जोडला की त्या वस्तूविषयीची नाराजी व्यक्त होते. उदाहरणार्थ, 'स्नेर्टवेअर' म्हणजे वाईट हवामान. लोकप्रिय पदार्थाचे नाव तुच्छतादर्शकही असावे, हे या शब्दाचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

वाटाणा (पायसम सटायव्हम) हे थंड हवामानात येणारे पीक असून उत्तर युरोपात ते प्राचीन काळापासून घेतले जाते. वाळवलेला वाटाणा दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे शेतात काही पिकत नाही अशा महिन्यांत, तसेच लांबच्या सागरी प्रवासात, खारवलेल्या मांसासह तो मुख्य आहार होता. सुके वाटाणे, खारवलेले किंवा धुरी दिलेले मांस आणि तळघरात साठवलेले कंद हे एर्तेसुपाचे तिन्ही घटक हिवाळ्याच्या बेगमीतील आहेत. बटाटा सर्वसामान्यांच्या आहारात अठराव्या शतकात रुळला व नंतर या सुपातही आला.

वाटाणा डाळ करताना सुक्या वाटाण्याचे टरफल काढले जाते. त्यानंतर दाण्याची दोन दले सहज विलग होतात. टरफल नसल्यामुळे ही डाळ भिजत घालण्याची आवश्यकता नसते. अख्खे सुके वाटाणे मात्र रात्रभर भिजवावे लागतात.

साहित्य

पुढील प्रमाण सहा ते आठ व्यक्तींसाठी आहे.

• हिरव्या वाटाण्याची डाळ : ५०० ग्रॅम
• पाणी : सुमारे अडीच लिटर
• डुकराचे हाडासह मांस (फासळी किंवा पायाचा भाग) : ५०० ग्रॅम
• धुरी दिलेले सॉसेज (डच नाव 'रोकवोर्स्ट') : १
• सेलेरीचा कंद : मध्यम आकाराचा अर्धा
• गाजरे : २
• लीक (कांद्याच्या कुळातील जाड दांड्याची भाजी) : २
• बटाटे : २
• कांदा : १
• लॉरेलची पाने : २
• सेलेरीची कोवळी पाने : मूठभर
• मिरपूड व मीठ : चवीनुसार

कृती

डाळ निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवावी. मोठ्या, जाड बुडाच्या पातेल्यात डाळ, मांस, लॉरेलची पाने व थंड पाणी एकत्र घेऊन उकळी आणावी. उकळी येताना पृष्ठभागावर करडा-पांढरा फेस जमतो. तो झाऱ्याने काढून टाकावा. हा फेस डाळीतील व मांसातील प्रथिने आणि डाळीतील सॅपोनिन यांमुळे येतो. तो अपायकारक नाही, परंतु त्यामुळे पातेले उतू जाते.

त्यानंतर आच मंद करून, झाकण किंचित उघडे ठेवून, डाळ सुमारे एक ते सव्वा तास शिजू द्यावी. अधूनमधून लाकडी डावाने तळापासून ढवळावे. डाळ विरघळू लागली की ती तळाला लागण्याचा संभव वाढतो, आणि एकदा करपल्याचा वास संपूर्ण सुपाला लागला की तो जात नाही. तळ लागल्याचे लक्षात येताच खरवडू नये. वरचे सूप अलगद दुसऱ्या पातेल्यात काढून घ्यावे.

मांस मऊ झाले की ते बाहेर काढावे. सेलेरीचा कंद, गाजरे, बटाटे, कांदा व लीक यांचे लहान तुकडे सुपात घालून आणखी अर्धा तास शिजवावे. दरम्यान मांस हाडापासून सोडवून, बारीक करून पुन्हा सुपात घालावे. शेवटच्या पंधरा मिनिटांत सॉसेज अख्खेच सुपात ठेवून गरम करावे व वाढण्यापूर्वी त्याच्या चकत्या कराव्यात. सेलेरीची पाने चिरून अखेरीस घालावीत. खारवलेले मांस व सॉसेज यांत मीठ असल्यामुळे मीठ सर्वांत शेवटी, चव पाहूनच घालावे.

डाळ पूर्णपणे विरघळलेली आणि भाज्यांचे तुकडे मात्र ओळखू येणारे, अशी तयार सुपाची स्थिती असावी. म्हणून सूप यंत्राने वाटून घेण्याची पद्धत रूढ नाही; आवश्यकता भासल्यास डाळ डावाने पातेल्याच्या कडेला दाबून घोटतात.

प्रेशर कुकर वापरल्यास वाटाणा डाळीचा फेस वाफेच्या मार्गात अडकू शकतो. यासाठी डाळ व पाणी मिळून कुकर अर्ध्याहून अधिक भरू नये, चमचाभर तेल घालावे आणि वाफ आपोआप उतरेपर्यंत झाकण उघडू नये.

दाटपणाची कारणे

एर्तेसुपात मैदा, मक्याचे पीठ किंवा साय घातली जात नाही. त्याचा दाटपणा प्रामुख्याने डाळीतूनच येतो. डाळ शिजताना पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन विरघळते, पेशी सुट्या होतात आणि त्यांतील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात. सूप थंड होऊ लागले की स्टार्चमधील अमायलोजचे लांब रेणू एकमेकांशी बांधले जाऊन जाळी तयार होते व पाणी तीत अडकते. कडधान्यांच्या स्टार्चमध्ये अमायलोजचे प्रमाण गहू-तांदळासारख्या तृणधान्यांच्या मानाने सामान्यतः अधिक असते. त्यामुळे गरम असताना ओघळणारे सूप थंड झाल्यावर घट्ट बसते. हाडांतून व कातडीतून उतरलेले जिलेटिनही गार झाल्यावर गोठते आणि या क्रियेस हातभार लावते. चमच्याची कसोटी दुसऱ्या दिवशी अधिक खात्रीने उतरते, याचे कारण हेच होय.

डाळ तासन्तास शिजूनही मऊ न होण्याची कारणे मुख्यतः तीन. पाणी जड असल्यास त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम पेक्टिनला घट्ट करतात. टोमॅटो, लिंबू यांसारखे आंबट पदार्थ आरंभी घातल्यासही डाळ शिजण्यास विलंब लागतो. डाळ फार जुनी किंवा उष्ण व दमट जागी साठवलेली असल्यास ती कायमची टणक होते. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास डाळ लवकर मऊ पडते, परंतु त्यामुळे ब१ जीवनसत्त्व (थायमिन) नष्ट होते व अधिक प्रमाण झाल्यास साबणासारखी चव येते.

मुरवणे आणि साठवण

एर्तेसूप आदल्या दिवशी करून दुसऱ्या दिवशी खाण्याची प्रथा आहे. शीतपेटी नसलेल्या काळात हिवाळ्यातील थंडगार तळघर किंवा घराची पडवी हेच काम करीत असे. ही प्रथा उबदार ठिकाणी जशीच्या तशी पाळणे धोक्याचे आहे. दाट सूप मोठ्या पातेल्यात फार सावकाश निवते. कडा गार झाल्या तरी मध्यभाग अनेक तास कोमट राहतो. डाळ व मांस यांच्या अशा कोमट मिश्रणात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स व बॅसिलस सिरियस हे जिवाणू झपाट्याने वाढतात. त्यांचे बीजाणू उकळण्यातूनही वाचतात. बॅसिलस सिरियसने अन्नात सोडलेले एक विष तर पुन्हा उकळूनही नाहीसे होत नाही. म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेले सूप सकाळी खळखळून उकळले तरी ते निर्धोक झाले असे मानता येत नाही.

यासाठी उरलेले सूप लगेच उथळ भांड्यांत विभागावे, भांडी थंड पाण्यात ठेवून निववावे व दोन तासांच्या आत शीतपेटीत ठेवावे. ते दोन-तीन दिवसांत संपवावे. पुन्हा गरम करताना थोडे पाणी घालून, सतत ढवळत, मध्यभागीही उकळी येईपर्यंत तापवावे आणि लागेल तेवढेच तापवावे.

वाढण्याची पद्धत

सुपासोबत राय या धान्याचा काळसर, जड पाव देतात. त्यावर 'काटेनस्पेक' नावाचे शिजवून धुरी दिलेले डुकराचे मांस पातळ कापून ठेवतात व मोहरीची चटणी लावतात.

पोषणाच्या दृष्टीनेही ही जोडी सार्थ आहे. १०० ग्रॅम सुक्या वाटाणा डाळीत सुमारे २३ ग्रॅम प्रथिने असतात. या प्रथिनांत लायसिन भरपूर, पण मिथिओनिन कमी असते. धान्यांत याच्या उलट स्थिती असते. महाराष्ट्रातील वरण-भात किंवा उसळ-भाकरी या जोड्यांमागेही हेच तत्त्व आहे. सॉसेज व खारवलेल्या मांसामुळे सुपातील मिठाचे प्रमाण वाढते, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी लक्षात घ्यावे. सेलेरी व मोहरी या दोहोंचा युरोपीय संघाच्या अनिवार्य उल्लेखाच्या अधिहर्षक (ॲलर्जीकारक) पदार्थांच्या यादीत समावेश आहे.

सांस्कृतिक स्थान

गोठलेल्या कालव्यांवर स्केटिंग करणे हा डच हिवाळ्याचा पारंपरिक आनंद आहे. बर्फावर उभारल्या जाणाऱ्या खाद्यपेयांच्या टपऱ्यांना 'कूक-एन-झोपी' म्हणतात. तेथे गरम चॉकलेट दुधासोबत एर्तेसूपही मिळते. फ्रीसलंड प्रांतातील अकरा शहरांना जोडणारी सुमारे २०० किलोमीटर अंतराची 'एल्फस्टेडनटॉख्त' ही स्केटिंग शर्यत १९०९ मध्ये प्रथम झाली. तिच्यासाठी संपूर्ण मार्गावर किमान १५ सेंटिमीटर जाडीचा बर्फ आवश्यक असतो. ४ जानेवारी १९९७ रोजी पंधरावी शर्यत झाली. त्यानंतर तेवढा बर्फ जमलेला नाही. हिवाळे सौम्य होत गेल्याने कालव्यांवरील टपऱ्यांचे प्रसंगही दुर्मीळ झाले आहेत.

सुपाने मात्र आपले स्थान राखले आहे. डबाबंद एर्तेसूप सर्वत्र विकले जाते. १ जानेवारी रोजी स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर हजारो लोक थंड समुद्रात उडी घेतात. युनॉक्स या खाद्यपदार्थांच्या नाममुद्रेच्या नारिंगी टोप्या आणि नंतर मिळणारे वाटाण्याचे सूप ही या प्रसंगाची ओळख बनली आहे.

अन्य देशांतील रूपे

स्वीडनमध्ये पिवळ्या वाटाण्यांचे सूप गुरुवारी करून त्यानंतर पातळ गोड धिरडी खाण्याची प्रथा आहे. फिनलंडमध्येही गुरुवारचा संकेत पाळला जातो, पण तेथे वाटाणे हिरवे असतात. स्वीडनचा पदच्युत राजा चौदावा एरिक १५७७ मध्ये कैदेत मरण पावला. त्याला वाटाण्याच्या सुपातून विष दिल्याची कथा प्रसिद्ध असून १९५८ मध्ये त्याच्या अवशेषांच्या तपासणीत आर्सेनिक आढळले. जर्मनीत १८६७ मध्ये वाटाण्याचे पीठ, चरबी व मसाले यांची 'एर्ब्सवुर्स्ट' ही वडी तयार करण्यात आली. १८७०–७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात ती सैनिकांच्या शिध्यात होती. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सूप अख्ख्या पिवळ्या वाटाण्यांचे असते.

नेदरलँड्समध्ये वाटाणा डाळीची आणखी एक परंपरा नांदते. १८७३ पासून भारतातून, प्रामुख्याने भोजपुरी व अवधी भाषक प्रदेशातून, करारबद्ध मजूर सुरीनाम या डच वसाहतीत नेण्यात आले. त्यांच्या वंशजांपैकी अनेक जण १९७५ मधील सुरीनामच्या स्वातंत्र्याच्या सुमारास नेदरलँड्समध्ये स्थायिक झाले. ते डाळपुरीच्या सारणासाठी पिवळी वाटाणा डाळ वापरतात.

भारतीय स्वयंपाकघरातील पर्याय

भारतात पिवळा वाटाणा मोठ्या प्रमाणावर आयात होतो. कॅनडा व रशिया हे त्याचे प्रमुख पुरवठादार आहेत. हिरवी डाळ न मिळाल्यास पिवळी वाटाणा डाळ वापरता येते. रंग बदलतो, दाटपणा तसाच राहतो. चणाडाळ दिसायला सारखी असली तरी ती शिजून विरघळत नाही, त्यामुळे ती योग्य पर्याय ठरत नाही. सेलेरीच्या कंदाऐवजी सेलेरीचे दांडे, लीकऐवजी पातीचा कांदा घेता येतो. भारतीय तमालपत्र हे लॉरेलहून भिन्न झाडाचे, दालचिनीच्या वासाकडे झुकणारे असल्याने ते अर्धेच घालावे.

शाकाहारी सुपात मांसाचा धुरकट स्वाद नसतो. तो आणण्यासाठी कांदा तेलात गडद तपकिरी होईपर्यंत परततात किंवा निखाऱ्यावर तूप सोडून झाकलेल्या सुपाला धुरी देतात. जिलेटिन नसल्याने असे सूप किंचित कमी घट्ट बसते. म्हणून पाणी अर्धा लिटर कमी घ्यावे. सोबत राय पावाऐवजी ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी चालते.

हेही पाहा : वाटाणा, आमटी, रगडा पॅटिस, डच खाद्यसंस्कृती