पोकळ भिंतींचे निरोधन
विटांच्या दोन समांतर पडद्यांमध्ये सु. ५० मिमी. पोकळी सोडून बांधलेल्या भिंतीत उष्णतारोधक द्रव्य भरण्याची पद्धती. पोकळ भिंत ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात प्रचारात आली व १९२० नंतर घरबांधणीत रूढ झाली. बाहेरील पडद्यातून झिरपलेले पावसाचे पाणी आतील पडद्यापर्यंत पोहोचू नये, हा पोकळीचा मूळ हेतू होय.

१९७३ च्या खनिज तेल टंचाईनंतर इंधन महागले आणि जुन्या घरांच्या पोकळ्या भरण्याच्या कामास गती आली. प्रारंभी यूरिया-फॉर्माल्डिहाइडाचा फेस पुष्कळ वापरला जाई. वाळताना तो आकसे, त्यास भेगा पडत व त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडे. कॅनडाने १९८० मध्ये त्यावर बंदी घातली. खनिज लोकर व पॉलिस्टायरिनाचे फुगविलेले मणी हे त्याचे पर्याय होत. बाहेरील पडद्यास छिद्रे पाडून मणी आसंजकासह हवेच्या दाबाने भरतात. ते पाणी फारसे शोषीत नाहीत. त्यांच्यामधील फटींतून पाणी खाली निथळते. आसंजकाविना भरलेले सुटे मणी मात्र भिंत फोडताच सांडतात.

पोकळी भरल्याने तिचे मूळ कार्यच बिघडण्याचा धोका असतो. झिजलेल्या दरजा, गंजलेले लोखंडी बंध व पोकळीत साचलेला बांधकामाचा मसाला यांमुळे, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावरील वादळी पावसात, आतील भिंतीस ओल येते. म्हणून जुन्या घरात द्रव्याच्या निवडीपूर्वी भिंतीची परीक्षा करणे आवश्यक ठरते.