विश्रामबागवाडा (पुणे)

पुणे शहराच्या सदाशिव पेठेत थोरल्या बाजीराव रस्त्यालगत असलेला उत्तर पेशवाईतील राजवाडा. दुसऱ्या बाजीरावाने तो 1807 च्या सुमारास दोन लक्ष रुपये खर्चून बांधविला. शनिवारवाड्याहून त्यास हाच अधिक प्रिय होता आणि 1817 च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईनंतर पुणे सुटेपर्यंत त्याचा निवास मुख्यतः येथेच असे.

या वास्तूचे खरे महत्त्व तिच्या लाकडी सांगाड्यात आहे. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांच्या माथ्यावर हस्त, त्यांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट, अशा क्रमाने सर्व भार जमिनीत उतरविण्याची ही पद्धती असून, दोन खांबांमधील अंतर म्हणजे ‘खण’ हाच मोजमापाचा मूळ घटक धरून दिवाणखान्यापासून कोठीच्या खोलीपर्यंत सारी रचना बेतली जाई. इंग्लंडातील जुन्या नगरगृहांतही ओकच्या लाकडाचा सांगाडा खाचेत कूस बसवून असाच जोडीत. परंतु तेथे तो रस्त्याकडील दर्शनी भागी उघडा राही, तर मराठी वाडा बाहेरून भिंतींनी झाकलेला असून आपले लाकूडकाम आतील चौकाकडे प्रकट करितो. विश्रामबागवाड्याने ही रूढी मोडली. त्याचा कोरीव सज्जा, सुरूच्या आकाराचे खांब आणि केळफुलाची नक्षी ही भर रस्त्यावर आहेत, आणि पुण्यातील सुतारकामाचा इतका संपन्न दर्शनी नमुना दुसरा क्वचितच उरला असेल.

इंग्रजी अंमलात 1821 मध्ये दक्षिणा फंडातून निघालेली संस्कृत पाठशाळा येथे भरू लागली. डेक्कन कॉलेजचा उगम तिच्यात आहे. लाकडी वास्तूंचा मोठा वैरी अग्नी. 1828 च्या आगीत शनिवारवाड्याचे मजले नष्ट झाले, आणि वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमीत, मे 1879 मध्ये, बुधवारवाड्याबरोबर या वाड्याचाही काही भाग जळाला. पुढे काही काळ येथे नगरपालिकेच्या कचेऱ्या होत्या. अलीकडे महानगरपालिकेने जीर्णोद्धार हाती घेतला असून ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे नगरेतिहासाचे प्रदर्शनही येथे मांडण्यात आले.

परिसरात तुळशीबाग व मंडई या बाजारपेठा आहेत. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचा व्यापार चालतो.