लेख आणि वहिवाट

कोणत्याही संघटनेत दोन गोष्टी एकत्र नांदतात: लिहिलेला नियम आणि चालत आलेली वहिवाट. कागदावर नाही ते बंधनकारक मानावे काय, हा प्रश्न आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना प्रत्येक करारनाम्याच्या वेळी भेटतो. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात याच प्रश्नावरून युरोप दुभंगला.

प्रश्न मुळापासूनचा आहे. मार्कच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात येशू परूशांना खडसावतो. आपली मिळकत ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे म्हणून मुलगा आईबापांना पोसण्याच्या कर्तव्यातून मोकळा होई. माणसांच्या परंपरेने देवाची आज्ञा रद्द केली, हा येशूचा आक्षेप. उलट थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तोंडी शिकवलेली परंपराही घट्ट धरा, असे सांगितले आहे. शिवाय नव्या करारात कोणती पुस्तके घ्यावीत, याची यादी नव्या करारात नाही! आज मान्य असलेल्या नेमक्या २७ पुस्तकांची यादी प्रथम आढळते ती इ. स. ३६७ मध्ये, अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या पत्रात. म्हणजे ग्रंथाची सीमाही परंपरेनेच आखली.

१५१७ साली मार्टिन लूथरने पापदंडाच्या माफीपत्रांच्या व्यापारावर बोट ठेवले. १५२१ साली वर्म्सच्या सभेत त्याने सांगितले की, पोप आणि धर्मसभा चुकल्या आहेत. आपण शास्त्र आणि स्पष्ट युक्तिवाद यांनीच बांधलेले आहोत. तरी बालकांच्या बाप्तिस्म्याची जुनी रीत त्यानेही सोडली नाही.

रोमच्या बाजूने उत्तर आले ते ट्रेंट येथील धर्मसभेत. ठरावाच्या मसुद्यात सत्य ‘अंशतः’ ग्रंथांत आणि ‘अंशतः’ अलिखित परंपरांत आहे, असे शब्द होते. काहींनी हरकत घेतली. ८ एप्रिल १५४६ रोजी संमत झालेल्या ठरावात ‘अंशतः’ गेला आणि केवळ ‘आणि’ उरला. ठरावांवर रात्री जागवलेल्या आम्हांला अशा एका शब्दाचे मोल सांगावे लागत नाही. त्या ठरावाने प्रत्येक रूढीला पवित्र केले नाही. ख्रिस्तापासून वा प्रेषितांपासून आलेल्या, श्रद्धा आणि आचरण यांविषयीच्या परंपराच मान्य केल्या. पुढे १५६२ साली याच सभेने माफीच्या नावाने पैसा गोळा करणाऱ्यांचे पदच रद्द केले.

‘आणि’चा अर्थ काय, हा वाद चार शतके चालला. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन सभेने शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी झऱ्यातून निघतात असे म्हटले. अर्थ लावणारा अधिकार वचनाच्या वर नाही, त्याचा सेवक आहे, असेही बजावले.

आमच्या मते कळीचा मुद्दा इथेच आहे. परंपरेवाचून ग्रंथही हाती आला नसता, म्हणून ती सरसकट टाकता येत नाही. पण ती तपासण्याची कसोटी ‘कुर्बान’च्या प्रसंगात दिलेलीच आहे: या रीतीने कोणाच्या ताटातला घास जातो?