तान्ह्याचा श्वास मोजणाऱ्या सुइणी

श्रोतेहो, आपल्या अक्कलकोट तालुक्यात मराठी घर आणि कानडी घर भिंतीला भिंत लावून राहतं. पण रात्री तान्हं लेकरू कण्हू लागलं, की काळजी दोन्ही घरी सारखीच. लेकरू धापा टाकतं, दुधाला तोंड लावीत नाही, बरगड्यांखाली खळगा पडतो. जुन्या बायका याला 'डबा' म्हणत. कुणी अंगारा लावी, कुणी पोटावर डागण्या देई. त्यात वेळ जाई आणि लेकरूही हातचं जाई. हा बहुधा न्युमोनिया. जिथे डॉक्टर नाही, तिथे तो ओळखायचा कसा?

या प्रश्नाची वाट दूरच्या पापुआ न्यू गिनी देशात सापडली. खोकणाऱ्या मुलाचे श्वास मोजले तरी न्युमोनियाची ओळख पटते, असं डॉ. फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवलं.

आपल्याकडे ही गोष्ट खेड्यात नेली ती गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी. पण तिथल्या सुइणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येईना. मग मण्यांची पाटी केली आणि जोडीला एका मिनिटाची वाळूची घडी दिली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी गाठला, की न्युमोनिया समजून औषध सुरू करायचं. १९९० साली याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गावातच औषध मिळालेल्या ६१२ रुग्ण मुलांत मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होतं. जिथे ही सोय नव्हती तिथे ते शेकडा तेराहून अधिक होतं.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरीच देखभाल सुरू झाली. पहिल्या महिन्यात दगावणारी बाळं हजारी ६२ होती, ती तीन वर्षांत २५ वर आली. २०११ पासून देशभर आशाताई याच वाटेने बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या.

तेव्हा मायबहिणींनो, एवढं ध्यानात ठेवा. लेकरू शांत असताना, पुरतं एक मिनिट, पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बरगड्यांखाली खळगा पडला, दूध सुटलं, आकडी आली, अंग गार पडलं किंवा लेकरू जागंच होईना, तर मोजत बसू नका. तसंच उचला आणि निघा.

आणि गुरुजी, घड्याळ पाहून श्वास मोजणं चौथीच्या मुलालाही जमतं. ते एकदा वर्गात शिकवा. ज्या घरची आई लिहायला शिकली नाही, त्या घरी हा हिशेब पोरच करील.