‘समस्त गाव’ म्हणजे नक्की कोण?

मराठेशाहीतला महजर पहिल्यांदा हातात आला की मजकुराआधी नजर खाली जाते. सह्यांच्या जागी निशाण्या. पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापल्या कामाची अवजारं. वतनाचा नाहीतर हद्दीचा तंटा गोतसभेत निघाला, त्याला कोण हजर होतं याचा हा पुरावा. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचा ग्रंथ (१९५३) अशाच कागदांवर उभा केला.

पण थांबा. ‘समस्त’ असं लिहिलंय म्हणून सगळे होते असं धरायचं नाही. पिढीजात हक्काचा तो मिरासदार, बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी. उपरी घाम गाळायचा, पण वतनाच्या कागदावर त्याची निशाणी शोधून सापडणं मुश्कील. बायकांचं तर विचारूच नका.

आता नगर रस्त्यावरच्या रांजणगाव गणपतीला या. महागणपतीचं गाव, शेजारी एमआयडीसी, खोल्या भाड्याने घेऊन राहणारे कामगार. पाणी, गटार, कचरा त्यांचाही प्रश्न. ग्रामसभेत त्यांना जागा आहे का?

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९२० आणि १९३३ चे मुंबई इलाख्याचे कायदे, मग १९५७ चा बलवंतराय मेहता अहवाल, आणि आपल्याकडे आजही लागू असलेला १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. २४ एप्रिल १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभा थेट संविधानात गेली. कलम २४३ मधली व्याख्या नीट वाचा: ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत नोंदलेल्या व्यक्ती. जमीन, जात, वतन काही नाही. मला हा बदल फार मोठा वाटतो. सभासद सगळे मतदार, निवडून आलेले फक्त नव्हेत.

म्हणजे अडचण घरमालकाची नाही, यादीची आहे. दहा वर्षं रांजणगावात राहून नाव बीड किंवा लातूरच्या यादीत असेल, तर तो माणूस इथल्या ग्रामसभेचा सभासद नाही. नव्या अर्थाने उपरीच! फरक एवढाच की ही रेष त्याला स्वतः ओलांडता येते. नोंदणीला ‘सर्वसाधारण रहिवास’ लागतो, मालकीचं घर नाही. विधानसभेच्या यादीत पत्ता बदलला की पुढे ग्रामपंचायतीची यादी त्यावरूनच बनते.

बाकी नियम सोपे. वर्षात किमान चार सभा, नियमित सभेआधी महिलांची वेगळी सभा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! मोठमोठे ठराव दहा-वीस माणसांत कसे होतात, ते इथे कळतं. म्हणून तहकूब सभेची तारीखही विचारून ठेवायची, आणि आपला मुद्दा इतिवृत्तात लिहून घ्यायला लावायचा.

संशोधनासाठी इतिवृत्त काढलंत (माहिती अधिकारात अर्ज करता येतो), तर ठरावाआधी हजेरीची पानं बघा. किती सह्या, किती अंगठे, बायका किती, आणि मतदार यादीत नावं किती.